‘चालू!’ म्हटल्याचा खुलासा

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
आमच्या हद्दीचे पोलीस ठाणे, भिवंडी.

विषय : नोटिशीतून ‘मोर्चाची म्होरकी’ हे शब्द काढून टाकण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, जी शिपायाने अर्जदाराच्या सासूबाईंच्या हाती दिली.

महोदय,

अर्जदार सौ. गुणाबाई हिरामण तरे, राहणार निजामपुरा, ही लूमच्या कारखान्यात सुताची कांडी भरणारी सामान्य बाई आहे. मोर्चांचा नाद तिला अपघाताने लागला. पहिल्या मोर्चात ती मेथीची जुडी घेऊन परतताना सापडली व ज्या पक्षाला तिचे यजमान उठताबसता शिव्या घालतात, त्याचाच झेंडा धरून थेट एसटी स्टँडपर्यंत गेली. मेथी हरवली, पण घसा मोकळा झाला. घरात तिला एवढे ओरडू देत नाहीत. पुढे जो बोलावील त्याच्या मोर्चात ती जाऊ लागली. मागण्या कळत होत्याच असे नाही.

मागचा मोर्चा मात्र तिच्याच गल्लीच्या पाण्याचा होता. नळाला पाणी येत नाही. बंदोबस्ताच्या दोरीपाशी अर्जदाराच्या चपलेचा अंगठा तुटला. ती खाली बसली, तशा मागच्या बायाही थांबल्या. पिन लावून ती उठली व सवयीने ‘चालू!’ म्हणून ओरडली. कारखान्यात तुटलेला धागा जोडला की लूम सुरू करायला असेच ओरडतात. त्या खडखडाटात हळू बोलून भागत नाही. मोर्चातल्या निम्म्या बाया कारखान्यातल्याच. त्या ज्या सुटल्या, त्या दोरीसकट पाणीखात्याच्या जिन्यापर्यंत. नोटिशीत चिथावणी म्हटली आहे ती एवढीच. खुद्द म्होरकी सर्वांत शेवटी लंगडत पोहोचली, कारण पिन पायात घुसली होती.

नोटीस वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, “हिला घरात कोन इचारत न्हाय, नि ही म्होरकी?” अर्जदाराचेही मत तेच असल्याने हा अर्ज लिहावयास घेतला.

परंतु विषय लिहून होतो न होतो तोच शेजारच्या तय्यबा रिकामा हंडा घेऊन दारात आल्या. “गुणाताई, आता तर सरकारनेच लिहून दिलंय, तू लीडर हाय. सोमवारच्या मोर्चात तूच पुढं चल.” त्यांच्यामागे सारी गल्ली उभी होती. अर्जदाराला भीती वाटली आणि, लाज सोडून सांगायचे तर, फार बरेही वाटले.

सबब विनंती की, विषयात मागितल्याप्रमाणे ते शब्द जरूर काढावेत; फक्त नळाला पाणी येईपर्यंत काढू नयेत.

आपली नम्र, परंतु सोमवारी येणारी,
गुणाबाई हिरामण तरे

निजामपुरा, शनिवार