फिक्या मोहरीचे तीन अहवाल

२१ जानेवारी, गुरुवार

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत असल्यामुळे लिहिलं. तुझी सर्दी गेली का? फोनवर बोललो असतो तर सगळं थट्टेवारी नेलं असतं, म्हणून पत्र. शनिवारच्या आत पोचवा, असं नेणाऱ्याला बजावलं आहे.

तुमच्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेने चाखून बघायला दिलेल्या नव्या मोहरीची तिसरी पेरणीही मी खुडली. बियाणं नामी आहे. तिसऱ्या दिवशी अंकुर, महिन्याच्या आत वीतभर पानं. थंडी तिला मानवते. उत्तरेच्या खिडकीत ती माझ्यापेक्षा टवटवीत दिसते. फक्त तिखटपणा नाही, असं मी तुला तीनदा लेखी कळवलं.

आधी वाटलं, पाणी जास्त झालं. दुसऱ्या खेपेला पाणी तोडलं. तिसऱ्या खेपेला कोवळं पान, जून पान, सकाळचं, संध्याकाळचं, असं चाखून वही भरली. सगळीकडे एकच शेरा: गवत.

मग तुझं पत्र आलं. बियाणं दिलेल्या बाकीच्या घरांतली रोपं उबेने लवकर फुलावर गेली, पानं चाखण्याजोगी राहिली नाहीत, म्हणून माझ्या एकट्याच्या अहवालावरून सोमवारच्या बैठकीत हे वाण बाद होणार. आणि ज्यांनी त्यावर अकरा वर्षं घालवली ते तुझे साहेब दोन दिवस डबा न उघडता बसलेत.

परवा खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई माझा सदरा द्यायला वर आल्या. सौजन्य म्हणून मी पानांची ताटली पुढे केली. त्यांनी तीन-चार एकदम तोंडात टाकली आणि डोळे पुसत पाणी मागितलं. म्हणाल्या, "मास्तर, ही भाजी आहे की कुणावरचा राग?"

त्या गेल्यावर मी मिरीचे पाच दाणे चावले. मग कच्चा लसूण, मग आलं. वाळू चावल्यासारखं वाटलं. षड्रसांवर वर्गात पाऊण तास बोलणारा हा पंडित; त्याच्यापाशी सहातला एकही शिल्लक नाही.

माहीत नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. नोव्हेंबरातल्या तापापासून हे असं आहे. एकदा नासलेल्या दुधाचा चहा अर्धा कप प्यालो. तळाशी गाठी दिसल्या तेव्हा थांबलो. दोष आधी चहाला दिला, मग दूधवाल्याला, शेवटी तुझ्या मोहरीला. वाटलं, येईल आपोआप परत. आणि एकट्याच्या घरात मीठ बरोबर आहे का, असं कुणी विचारत नाही.

तेव्हा माझे तिन्ही अहवाल फाडून टाक. या कागदाच्या मागे शिंपीणबाईंनी आपल्या अक्षरात अभिप्राय लिहून सही केली आहे. बैठकीत तो वाच. साहेबांना सांग, मोहरी चांगली आहे, माझ्या भावाची जीभ बिघडली आहे. त्यात तुझी थोडी शोभा होईल; ती सोस. आणि आधी त्यांना डबा उघडायला लाव.

डॉक्टरांनी मंगळवारची वेळ दिली आहे. तू सोबत आलीस तर बरं होईल. हे वाक्य मी तीनदा खोडलं, म्हणून कागद इथे फाटायला आला आहे.

तुझी वाट पाहणारा,
दादा