आप्पांच्या खाटेखालच्या सहा फळ्या

शिरूर,
मंगळवार

प्रिय एबनेझरदादा यास धाकट्या बहिणीचा सलाम.

तुझी कंबर आता कशी आहे? (ऑफिसच्या खुर्चीत बसून धरलेली कंबर आहे, म्हणून काळजीनं विचारते. लाकडं उचलून धरलेल्या कमरेची चौकशी करायची आपल्या घरात पद्धत नाही.) वहिनी आणि मुलं बरी असतील. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दौंडला उत्तम झालं आणि त्यांना आता सगळं स्पष्ट दिसायला लागलंय. घरातल्या सध्याच्या दुःखाचं मूळ तेच आहे.

दुकान चाललंय. पाडलेल्या घरांचं, उतरवलेल्या छपरांचं सागवान आणायचं आणि गिऱ्हाइकाच्या मापानं टेबलं, कपाटं करून द्यायची, याची लोकांना आता फार आवड निर्माण झाली आहे. आप्पांनी जन्मभर लाकडाची भोकं बुजवली, मी ती जपते. सणसवाडीच्या एका इंजिनिअरनं टेबलावरची किडीची भोकं खरी असल्याची गॅरंटी मागितली. त्याच्या बायकोला डाव्या बाजूला भोकं कमी वाटली, म्हणून मी ड्रिलनं सात पाडून दिली. आप्पा बघत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. (पाटीवर अजून ‘याकोब अँड सन’ असंच आहे. सन पुण्यात कॉम्प्युटरवर असतो, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगते.)

तर झालं असं. ऑपरेशननंतर आप्पा आठ दिवस दौंडला आत्याकडे राहिले, आणि नेमके तेव्हाच भांडगावचे मारुतराव दुकानात आले. हायवेला त्यांचं नवं फार्महाऊस आहे. त्यांना बाटल्या ठेवायला कपाट हवं होतं. “ताई, लाकूड आसं जुनं पायजे, की पाव्हण्यानं इचारलंच पायजे.” दुकानात तेवढं जुनं काही नव्हतं. घरी होतं. आपल्या चर्चचं छप्पर उतरवून पत्रे घातले, तेव्हा आप्पांनी आणलेल्या सहा फळ्या त्यांच्या खाटेखाली अकरा वर्षं गोणपाटात पडून होत्या. मला वाटलं, विसरले. मी त्या कापल्या. खरं सांगते दादा, रंधा फिरला आणि आतून असं तांबूस सागवान निघालं, की माझा हात थांबेना. कपाट इतकं देखणं झालं, की देताना जिवावर आलं.

आप्पा परतले आणि नव्या डोळ्यानं पहिल्यांदा खाटेखाली बघितलं. “माझ्या फळ्या कुठं हायेत गं?” मी सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भाकरी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मी घाबरून तुला फोन केला, तर तू किती शांतपणे म्हणालास, “अगं, त्या त्यांच्या पेटीच्या फळ्या. मेल्यावर त्यातच पुरा, असं मला केव्हाच सांगून ठेवलंय त्यांनी.” अकरा वर्षं दर शनिवारी त्या फळ्यांभोवतीचा केर मी काढला. केर काढणारीला ठाऊक नाही आणि नाताळला येणाऱ्याला ठाऊक आहे. (अशा गोष्टी मुलाला सांगायच्या असतात, म्हणे. मुलगी रडते. मी रडले नाही, मी कापल्या.)

दुसऱ्या दिवशी भांडगावला गेले आणि मारुतरावांना खरं ते सांगितलं. वाटलं, घाबरून कपाट परत देतील. ते उलट खूश! “मयताच्या पेटीचं लाकूड? मग तर झ्याकच झालं की! आता पाव्हणं इचारत्यातच.” तेवढ्यात त्यांची आई, सोजरबाई, आतून आल्या.

“मारुत्या, मढ्याचं लाकूड आन् त्यात तू बाटल्या ठिवतो व्हय रं?”

“आये, मढं अजून जित्तं हाय.” (हे आपल्या आप्पांबद्दल चाललं होतं.)

“मग तर लईच वंगाळ. त्ये वाट बघत आसंल. उचल आधी!”

नेलेल्याच टेम्पोतून कपाट परत आलं. सोजरबाईंनी मला चहा पाजला आणि आप्पांसाठी गुळाची ढेप दिली.

पण कापलेलं लाकूड वाढत नाही. सगळ्यात लांब तुकडा साडेतीन फुटांचा, आणि आप्पा पावणेसहा फूट. आता ते रोज सकाळी एकच विचारतात. “एबनेझरला फोन केला का? त्याला बोलीव. जोड घालून व्हईल, पर त्याच्या हातानं व्हऊ दे. तुझी कपाटं-बिपाटं ठीक हायेत, ह्ये काम पोराचं.” ज्या पोरानं एकदाच खाटेला पाय बसवला आणि तोही उलटा! मी म्हणते, दादाला सुट्टी नाही. मग ते अर्धी भाकरी ठेवतात. काल पाव भाकरीच खाल्ली. रागानं दुकानात पाऊलही टाकत नाहीत.

वहिनींना सलाम, मुलांना पापा.

तुझी बहीण,
ग्लॅडिस

ता.क. तुला काही करायचं नाही. पेटी झाली आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांखाली ठेवली आहे. आखूड फळ्या सांधायचा आप्पांचा तो तिरका जोड मला कुणी शिकवला नाही. पण ते तुला शिकवत असताना तिथून जा, असंही मला कुणी म्हटलं नव्हतं. शनिवारी सकाळी ये आणि हातात रंधा धरून पेटीपाशी उभा राहा. मी आप्पांना घेऊन येते. तू केलीस असं वाटलं, की जेवतील.

आणखी एक. जुना शर्ट घाल. भुसा कोपरापर्यंत चोळ, माझ्याकडे पोतंभर आहे. रंधा दोन्ही हातांनी धर, फोनसारखा नको. अंगठ्याला चिंधी बांध, नाहीतर त्यांचा विश्वास बसायचा नाही.

आणखी एकच. आप्पा जोडावरून बोट फिरवतील. “चांगला बसलाय” म्हणाले, तर लगेच ‘हो’ म्हणू नकोस. थोडा वेळ जाऊ दे. मी तिथंच उभी असेन.