सांगेन तिथेच उभं राहायचं

३ मार्च, मंगळवार

तलावावर तीन नमुने आलेत! मागितले होते पोहणारे, पाठवले हे. एक शहामृग – मान ही एवढी लांब, आणि तिच्यावरचं डोकं सतत मोबाइलमध्ये. एक प्रोफेसर – पाण्यात उतरायच्या आधी पाण्याबद्दल बोलून घेतो. आणि एक मुंगी. सतरा वर्षांची, चणीने एवढीशी, एका जागी म्हणून टिकत नाही. खरी नावं विचारली होती, पण माझ्या डोक्यात हीच बसलीत.

सोबत युवा विभागाच्या मॅडम. त्यांनी कपडे बदलायच्या खोलीत एक रंगीत तक्ता चिकटवला – तरुणांमधली सामर्थ्ये. आत्मविश्वास, आपलेपणा, जबाबदारी, आणखी कायकाय. दमट भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, असं मी सांगून पाहिलं. त्या हसल्या. म्हणाल्या, महिनाभरात प्रत्येकातली एक तरी चांगली गोष्ट शोधा आणि मला सांगा. मी म्हटलं, मॅडम, मी इथे बुडणारी माणसं शोधते.

महिनाअखेरीला तिघांपैकी दोघांना निळा शर्ट. म्हणजे पगारी जीवरक्षक. कुणाला द्यायचा ते मी ठरवणार, व्यवस्थापकांनी एवढं तरी माझ्यावर सोडलंय. तिघांना ओळीत उभं करून एकच नियम सांगितला. मी सांगेन तिथेच उभं राहायचं. एवढं जमलं तरी गंगेत घोडं न्हालं.

५ मार्च, गुरुवार

तक्त्याचा वरचा कोपरा सुटला. आत्मविश्वास लोंबतोय.

६ मार्च, शुक्रवार

पाण्याकडे बघायचं कसं, हे आज खुर्चीवर चढून दाखवलं. नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग तळाशी, मग परत. प्रोफेसरला म्हटलं, रबरी बाहुला मला न सांगता कुठेही सोड. दोनदा त्याने सोडला, दोनदा मी बसल्या जागेवरून बोट दाखवलं. तिसऱ्यांदा गाढवाने तो डाव्या कोपऱ्यात शिडीखाली सारला – सावलीत! तिथे कुणाच्या बापाला दिसणार? तसं म्हटलं तर वर तोंड करून सांगतो, सावली नव्हती बाई, चांगलं ऊन होतं. वाद घालायचं वय!

शहामृग फिदीफिदी हसला. मुंगी तेवढी हसली नाही. नुसती टक लावून माझ्याकडे बघत होती, माझ्या नाकावर माशी बसल्यासारखी. असली बघणारी पोरं मला आवडत नाहीत.

९ मार्च, सोमवार

मॅडम आल्या होत्या. मुंगीबद्दल बोलायला. शाळा सुटलीये. बेकरीतून काढलं, झेरॉक्सच्या दुकानातून काढलं – दोन्हीकडे कारण एकच, सांगितलेलं ऐकत नाही. आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात पाळ्या करते, दोन धाकटे भाऊ हिच्या गळ्यात. इथूनही गेली तर पुढे हिला कोणी दारात उभी करणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. हिला दया नको, विश्वास हवा.

विश्वास म्हणजे काय टॉवेल आहे, काउंटरवरून उचलून द्यायला? मला लोकांची पोरं जिवंत घरी पाठवायची असतात. हे मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

घरी येताना डावं कोपर दाराच्या कडीवर आपटलं. काळंनिळं झालंय.

१२ मार्च, गुरुवार

जागा वाटून दिल्यात. लहान मुलांच्या छोट्या टाकीशी शहामृग. शॉवरच्या दाराशी प्रोफेसर, न धुता कुणाला आत सोडायचं नाही. मोठ्या तलावाची खोल बाजू, माझ्या उजव्या हाताला, मुंगी. बाकीचं खुर्चीवरून माझं. यात न समजण्यासारखं काय आहे?

तरी मुंगी डावीकडे! शिट्टी मारून बोलावलं. “बाई, तो कोपरा –” म्हणून सुरू केलं तिने. मी म्हटलं, तोंड कमी, डोळे जास्त. गेली मुकाट्याने जागेवर. थोड्या वेळाने बघते तर पुन्हा उजवीकडे पत्ता नाही. इकडे बघ, तिकडे बघ – तर माझ्याच खुर्चीच्या डाव्या पायाशी उभी! दचकलेच मी. किती वेळ तिथे होती कोण जाणे.

बेकरीवाल्याचं काही चुकलं नव्हतं.

१५ मार्च, रविवार

गाडी फाटकाच्या खांबाला घासली. आरशापासून मागच्या दारापर्यंत पांढरी रेघ. इतकी वर्षं त्याच फाटकातून काढतेय! हे चहाचा कप घेऊन बाहेर आले, रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, खांब तुझ्या वाटेत आला वाटतं. मग गंभीर होऊन डोळे तपासून घे म्हणाले. मी पेपर काढून बारीक अक्षर घडाघडा वाचून दाखवलं. डोळ्यांना काय धाड भरलीये? डोकं फिरलंय, आणि ते त्या पोरीमुळे. पण यांनी ऐकलं नाही. गुरुवार, सव्वीसची वेळ घेऊन टाकली.

१८ मार्च, बुधवार

पंप बंद. मेकॅनिक “निघालोय” म्हणून सकाळी बोलला तो संध्याकाळी उगवला.

कबूल करायचं तर आज शहामृगाने चकित केलं. मोबाइल आपण होऊन कपाटात ठेवला. आणि तो रडका मुलगा, पंधरा दिवस पायरीवरून हलत नव्हता तो, त्याच्या खांद्यावर बसून पाण्यात गेला. त्याने काही शिकवलं नाही, फक्त शेजारी पाय सोडून बसून राहिला होता रोज. प्रोफेसरची तर म्हाताऱ्या बायकांनी शिफारस केलीये, श्वास कसा सोडायचा ते हाच नीट समजावतो म्हणे. चला, मॅडमना सांगायला दोन झाल्या.

तिसरीचं काय सांगू? आज पुन्हा डावीकडे. खोल बाजू कोण बघणार, तुझा काका? असं सगळ्यांसमोर विचारलं. तर म्हणते, “खोल बाजू तुम्हाला दिसते ना, बाई.” काय ही बोलण्याची तऱ्हा! म्हणजे माझं काम मी करायचं आणि हिचंही मीच!

तलाव बंद झाल्यावर ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. एक बोलायचं होतं म्हणाली. शर्टाचं असेल तर महिनाअखेरीला, असं मी सांगितलं. शर्टाचं नाही, म्हणाली. तेवढ्यात मेकॅनिकने हाक मारली. मी त्याच्याशी भांडून परत येईपर्यंत ती गेली होती. धाकट्यांना घ्यायचं असेल पाळणाघरातून. बरंच झालं. ऐकून घ्यायची ताकद नव्हती माझ्यात.

२० मार्च, शुक्रवार

तक्ता पूर्ण पडला. “जबाबदारी”वर कुणाचा तरी ओला पाय.

२२ मार्च, रविवार

झोप नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आज गर्दी. कुटुंबंच्या कुटुंबं पाण्यात. मी खुर्चीवर. नजर फिरवत होते, जशी आयुष्यभर फिरवली तशीच. एकदम धप्प आवाज आला. वळून बघते तर डाव्या कोपऱ्यात शिडीपाशी मुंगी पाण्यात. वर आली ती एका सहा वर्षांच्या मुलीला काखेत घेऊन. हिरवी टोपी. शिडीवरून पाय सटकला आणि आवाज न करता खाली गेली – अशीच जातात, आवाज न करता. काठावर घेतलं. खोकली, पाणी ओकली, मग रडली. ते रडणं ऐकलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरनेही तपासलं. ठीक आहे. पोरगी ठीक आहे.

मी कशी पाहिली नाही? खिडकीतून उन्हाची तिरीप येते त्या वेळी पाण्यावर. तीच असणार.

पण मग त्याच पोरीला मी सगळ्यांसमोर झापलं. लिहिते खरं ते. म्हटलं, आज नशीब. उद्या खोल बाजूला कुणी गेलं तर? तू जागा सोडलीस. मी सांगितलं होतं कुठे उभं राहायचं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं, ओठ निळे पडले होते. “खोल बाजूला तुम्ही होतात, बाई,” एवढंच म्हणाली. पुन्हा तेच! हिरव्या टोपीची आई तिचा हात धरून रडत होती आणि मी नियम सांगत होते.

नियम उगाच नसतात. प्रत्येकाने आपापल्या अकलेने जागा बदलल्या तर एक दिवस कुणीच कुठे नसेल. एक जीव वाचला म्हणून डोळे झाकून शर्ट द्यायचा का?

जेवण गेलं नाही. यांनी ताट झाकून ठेवलं.

२४ मार्च, मंगळवार

सांगून टाकलं. निळा शर्ट शहामृगाला आणि प्रोफेसरला. दोघांनाही आनंद झालेला दिसला नाही. प्रोफेसरने शर्टाची घडीसुद्धा उलगडली नाही.

मुंगीने उमेदवारीचा पिवळा शर्ट धुऊन आणला होता. इस्त्री करून! म्हणजे तिला आधीच माहीत होतं. टेबलावर ठेवला. मी म्हटलं, पोहायला तू तिघांत सरस आहेस, पण ऐकत नाहीस. ती म्हणाली, हो, सगळीकडे तेच म्हणतात. रागाने नाही, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. दारातून पुन्हा वळली, खुर्चीच्या डावीकडे बोट केलं. म्हणाली, त्या बाजूला आता शहामृगाला उभं करा. शेवटपर्यंत मलाच शिकवणार!

मॅडमचा फोन आला. मी म्हटलं, माझा निर्णय झालाय. त्यांनी विचारलं, तिच्यातलं एक काही चांगलं? मी म्हटलं, इस्त्री.

असं का बोलले मी? सतरा वर्षांच्या पोरीबद्दल. किळस आली स्वतःची.

२६ मार्च, गुरुवार

डोळ्यांच्या दवाखान्यात एका पांढऱ्या यंत्रात तोंड घालून बसवलं. एक डोळा झाकायचा, समोर बघत राहायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजवा डोळा झाला. डाव्याला बराच वेळ ठिपकाच येईना. मी त्या मुलीला म्हटलं, अगं, तुमचं यंत्र बिघडलंय, डावीकडे दिवेच लागत नाहीत.

दिवे लागत होते.

काचबिंदू. डावीकडची कडेची नजर गेलीये. वर्षभर तरी झालं असेल, डॉक्टर म्हणाले. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून कळत नाही. वर्षभर मी त्या खुर्चीवर बसले!

दवाखान्याच्या पायरीवरूनच मुंगीला फोन लावला. तुला माहीत होतं? हो. कधीपासून? बाहुल्याच्या दिवसापासून, म्हणाली. ऊन होतं बाई, आणि तुम्ही सरळ तिकडेच तोंड करेपर्यंत तो तुम्हाला दिसला नाही. मग मी रोज तुमच्या डावीकडे येऊन बघायचे. तुम्हाला मी दिसायचेच नाही.

सांगायचं होतंस, असं मी म्हटलं नाही. दोनदा आली होती सांगायला. इथेच लिहिलंय मी, माझ्याच अक्षरात.

व्यवस्थापकांना फोन केला आणि सगळं सांगितलं. मग पुन्हा तिला. उद्या सकाळी ये, म्हटलं. माझ्या जागेचा निळा शर्ट तुला आहे. खुर्चीही तुझी.

“आणि तुम्ही, बाई?”

“तू सांगशील तिथे उभी राहीन.”