नकाराची खिडकी

नदीकाठची वस्ती, योग्याकार्ता
रविवार, चर्चहून आल्यावर

चि. तोगार यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. देवाच्या कृपेने (आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, पण तू घेत नसशील अशा गोळ्यांमुळे) तुझ्या पायाची सूज उतरली असेल असे धरून चालते. डुकराचे मांस आणि ताडी बंद कर असे मी सांगणार नाही. बायकोने सांगून झाले, डॉक्टरांनी सांगून झाले, आता पाय सांगतो आहे. आम्ही इथे ठीक आहोत. तुझे भावोजी वस्तीचे प्रमुख म्हणून यंदा पुन्हा निवडून आले, म्हणजे दुसरे कुणी उभे राहिले नाही. हे सगळे फोनवर कळवता आले असते, पण तुला पाठवलेला निरोप तू जेवणाच्या आत सगळ्या कुळाला पाठवतोस, म्हणून कागद घेतला. हा कागद कुणाला दाखवू नकोस.

तुझे पत्र मिळाले. आई-बाबांच्या अस्थी थडग्यातून काढून ठेवायला तोबा सरोवराच्या काठावर स्मारक बांधायचे तू मनावर घेतलेस, हे चांगले केलेस. शेजारच्या कुळाने दुमजली बांधले म्हणून घाई झाली आहे हे तू लिहिले नाहीस, तरी मला समजले. आता तू म्हणतोस, ‘अक्का, तुमच्या वस्तीचे सभागृह बांधणारा तो हेंद्रात्मो, परदेशात बक्षीस मिळालेला, त्याची ओळख करून दे. नामांकित वास्तुकार आपल्या आई-बाबांसाठी आला तर मान राहील.’ याला नाही म्हणायला एक ओळ पुरली असती. पण मी जन्मभर शाळेत गणित शिकवले आणि नुसते उत्तर लिहिणाऱ्याला कधी गुण दिले नाहीत, तेव्हा रीतही दाखवते.

आमचे जुने सभागृह तुला आठवत असेल. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात त्याच्याच मागच्या पडवीत बसून तू शेजाऱ्यांना ताडी कशी गाळतात ते समजावत होतास (मुसलमान शेजाऱ्यांना, मी विसरलेले नाही). ते बांधले होते वार्दोयो सरांनी. ते विद्यापीठात वास्तुकला शिकवत, आणि आमची वस्ती पाडायला निघाले होते तेव्हा ती पाडू नये म्हणून भांडलेल्यांपैकी एक होते. बांधायच्या आधी ते एका लग्नाच्या आदल्या दिवशी आले आणि भाज्या चिरणाऱ्या बायकांच्या मागे एका पोत्यावर दिवसभर बसून राहिले. कुणाला काही विचारले नाही. विचारले असते तर कुणी खरे सांगितले नसते, हे स्वतः जावातले असल्याने त्यांना ठाऊक होते. मग त्यांनी जे बांधले त्यात फोटो काढण्यासारखे काही नव्हते: विटांच्या भिंती, पावसाच्या बाजूला लांब उतरते छप्पर, मागे धुराड्याचे मोठे स्वयंपाकघर, आणि मोठी पातेली दोघींनी धरून नेताना कोपर घासू नये इतके रुंद दार. वास्तुकलेचे तत्त्वज्ञान म्हणून मला एवढेच समजते. वार्दोयो सर गेले, आणि त्यांचा सगळ्यात लाडका शिष्य युरोपात बरीच वर्षे काढून, गुरूचा वारसा पुढे न्यायला, परत आला. तो हेंद्रात्मो. वारसा पुढे न्यायचा म्हणून त्याने पहिल्यांदा सभागृह पाडले.

पण ते नंतर. आधी बैठक झाली. काळा बिनकॉलरचा सदरा, दोरीच्या चपला, मागे वह्या घेतलेले विद्यार्थी. आम्ही मांडलेल्या खुर्चीवर तो बसला नाही. खुर्ची ही सत्ता आहे म्हणाला, आणि जमिनीवर मांडी घातली. पाहुणा खाली आणि आपण वर, हे इथे कसे चालेल? म्हणून गुडघ्यांनी हैराण झालेल्या लेगियेमकाकूंसकट सगळ्या म्हाताऱ्या खाली बसल्या. (काकूंना उठवायला नंतर तिघी लागल्या. त्याही उठताना ‘किती साधे आहेत हो सर’ असे म्हणत होत्या.) मग त्याने पुठ्ठ्याच्या प्रतिकृती मांडल्या. इमारत ही पेटी नसावी, छत्री असावी. आपल्या हवेत भिंत हा परक्या राज्यकर्त्यांनी घालून दिलेला गैरसमज आहे. बांबू श्वास घेतो. वास्तुकार काही ठरवत नाही, तो लोकांच्या हातातली पेन्सिल असतो, तो फक्त ऐकतो. मग ऐकण्यासाठी त्याने विचारले, ‘उघडे आवडेल ना?’ सगळ्यांनी माना हलवल्या. ‘नदीचा वारा आत आलेला आवडेल ना?’ माना हलल्या. ‘भिंतींशिवाय?’ माना. विद्यार्थ्यांनी प्रत्येक मान लिहून घेतली.

हा माणूस इथेच जन्मला, इथेच वाढला. समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणणे हा इथे शिवी देण्याच्या खालोखालचा गुन्हा आहे, हे त्याच्या आजीने त्याला बोलायच्या आधी शिकवले असणार. तरी मोजल्या त्याने माना. युरोपात राहून विसरला, की सोयीचे होते म्हणून आठवले नाही, ते त्याचे तो जाणे.

मी बटाक बाई, आपल्याकडे तोंडावर बोलतात. उठले आणि विचारले, ‘भात कुठे शिजणार?’

‘सगळीकडे!’ तो म्हणाला. ‘संपूर्ण वास्तू हेच स्वयंपाकघर आहे.’

‘सगळीकडे शिजतो तो भात नसतो,’ मी म्हटले. ‘चूल लागते, आणि चुलीला आडोसा लागतो.’

तो रागावला असता तर मी त्याचा मान राखला असता. तो खूश झाला. ‘हाच आवाज मला हवा होता,’ असे म्हणून त्याने विद्यार्थ्याला माझे चित्रण करायला लावले. पुढे त्याचे जाडजूड पुस्तक निघाले, त्यात बोट उगारलेला माझा फोटो आहे आणि खाली छापले आहे: ‘रहिवाशांशी संवाद’. वस्तीला मात्र माझी इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या सुमिनीवहिनी केळ्यांची भजी तळून त्याच्या विद्यार्थ्यांना देऊन आल्या. माझ्या वतीने माफी म्हणून.

मी त्यांना गाठले. ‘तुम्हाला हवे आहे का ते बिनभिंतीचे?’

‘मला? अहो, पावसात पातेली कुठे ठेवायची हाच मला घोर लागलाय.’

‘मग तिथे का नाही बोललात?’

‘इतक्या लांबून आले होते ते,’ वहिनी म्हणाल्या. ‘चहासुद्धा अर्धाच घेतला त्यांनी. त्यात आपण अजून काय बोलायचे?’

तर असे ते सभागृह झाले. दिसायला सुंदर आहे, खोटे कशाला बोलू? उलट्या टोपलीसारखे उंच, आणि संध्याकाळी बांबूच्या सावल्या जमिनीवर पडतात तेव्हा मलासुद्धा थांबावेसे वाटते. मग मला माझा राग येतो. पहिला कार्यक्रम सुमिनीवहिनींच्या मुलीच्या लग्नाचा. फणसाची भाजी रात्रभर मंद जाळावर शिजावी लागते, ती तू इथे मिटक्या मारून खाल्ली आहेस. नदीच्या वाऱ्याने जाळ एका बाजूला आणि राख भातात. दुपारी पाऊस आला तो वरून नाही, आडवा. छत्रीखाली उभे राहिलेल्या माणसाचे गुडघे भिजतात हे पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत दिसत नाही. पुरुषांनी धावत जाऊन निळ्या ताडपत्र्या आणल्या आणि बांबूंना बांधल्या, नवरी मेंढरासारखी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवली, आणि पाहुण्यांनी राखेचा भात खाऊन ‘काय चव आहे’ असे सांगितले. वहिनी पातेल्याआड बसून रडल्या. त्याच आठवड्यात बक्षीस देणारी परदेशी मंडळी पाहायला आली. मला वाटले, आता ताडपत्र्या बघतील आणि विचारतील. विचारले! हेंद्रात्मोने सांगितले, हे लोकांनी वास्तूला दिलेले उत्तर आहे, वास्तू अपूर्ण ठेवण्यामागचा हेतूच हा. मानपत्रात ताडपत्रीवर एक अख्खा परिच्छेद आहे.

बक्षीस मिळाल्यापासून तिथे खिळा ठोकायलासुद्धा बंदी आहे, म्हणजे आडोसा करता येत नाही. मग लग्नाचा, बारशाचा, मयताचा स्वयंपाक होतो कुठे? माझ्या घरी. या गल्लीत मोठी चूल मावेल असे मागचे एकच स्वयंपाकघर उरले आहे, नदीकडे जाड भिंत असलेले. बायका पहाटे येतात, माझी भांडी वापरतात, माझ्या मिठाला नावे ठेवतात, आणि जाताना भिंतीला पाठ टेकून थोडा वेळ बसतात. मी त्यांना शिस्त लावली आहे, त्या मला कंटाळल्या आहेत, आणि येत राहतात. निवृत्तीनंतर माझे सगळे जगणे त्या एका खोलीत आहे. हे मी तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार नाही.

आता दुसरा टप्पा. गेल्या महिन्यात बैठक झाली. हेंद्रात्मो (जमिनीवर बसून) म्हणाला की वस्तीची खरी ऊर्जा तिउर्माबाईंच्या (म्हणजे माझ्या) स्वयंपाकघरात आहे आणि ती ऊर्जा भिंतीआड कोंडली गेली आहे. ती नदीला खुली करायची. आमच्या ओळीच्या मागच्या सगळ्या भिंती काढून एकच उघडा सामाईक ओटा, वर बांबूचे छत. ‘आवडेल ना?’ तोगार, ज्या बायका आदल्या दिवशी माझ्या भिंतीला टेकून बसल्या होत्या त्या सगळ्यांनी मान हलवली. लेगियेमकाकूंनी दोनदा. आणि वस्तीचे प्रमुख म्हणून पहिल्या रांगेत बसलेल्या तुझ्या भावोजींनी.

घरी येताना मी विचारले, ‘तुम्ही मान का हलवलीत?’

‘सगळ्यांनी हलवली.’

‘घर आपले आहे!’

‘म्हणून तर,’ ते म्हणाले. ‘आपलेच घर, आणि आपणच आडवे आलो, तर कसे दिसेल?’

मी एकटी त्याच्या कार्यालयात गेले. (त्याला भिंती आहेत आणि आत थंड हवेचे यंत्र आहे, पण हे सांगून मी तुझा वेळ घेत नाही.) त्याने चहा दिला, दुपारभर माझे सगळे ऐकले, लिहून घेतले, दारापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, ‘तुमचा नकार या प्रक्रियेत फार मोलाचा आहे.’ परवा नवे नकाशे आले. माझी भिंत जिथे आहे तिथे ती नाहीच. तिच्या जागी सागवानी चौकट उभी केली आहे, नुसती चौकट, आजूबाजूला काही नाही, पलीकडे नदी. खाली नाव लिहिले आहे: ‘नकाराची खिडकी’. सुमिनीवहिनी म्हणाल्या, ‘बघा, तुमचे किती मनावर घेतले सरांनी!’

तर ही रीत झाली, उत्तर तुला मिळाले असेल. अशा माणसाच्या हाती आपण आपले आई-बाबा देऊ नयेत. गावातल्या एखाद्या नेकीच्या गवंड्याकडून चार भिंती, एक छप्पर आणि एक घट्ट दार करून घे. दुमजली नको, आईला जिने चढायचा कंटाळा होता. तुझ्या बायकोला आशीर्वाद, मुलांना शिस्त. पाय उशीवर ठेवून झोप.

तुझी बहीण,
तिउर्मा

ता. क. हेंद्रात्मोचा फोन नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे. त्याला आजच फोन कर. वर लिहिलेले अक्षर न् अक्षर खरे आहे आणि तरीही सांगते, स्मारकाचे काम त्यालाच दे. पावसाळा संपला की माझी भिंत पाडायला माणसे येणार. सरोवर, डोंगर, आपल्या घरांची शिंगांसारखी छपरे आणि वर पूर्वज, एवढे ऐकल्यावर तो इथले अर्धवट टाकून धावत येईल. आई-बाबांना आता भात शिजवायचा नाही. वारा लागला तर लागू दे त्यांना. हे लिहिताना माझा हात थांबला होता, पण लिहिले.

आणखी एक. तो सगळ्यांचे ऐकतो, म्हणून त्याला सगळ्यांचे ऐकू दे. कुळाची बैठक बोलाव. थोरल्या घरचे, धाकट्या घरचे, मेदानचे, जाकार्ताचे, एकालाही वगळू नकोस आणि कुणालाही मध्येच थांबवू नकोस. स्मारकाचे तोंड कुठल्या दिशेला, एवढ्यावरच आपले काका दोन पावसाळे सहज काढतील. मान कुणी हलवणार नाही याची मला खात्री आहे. पहिल्या भाषणाला मोठ्या काकांना उभे कर, आणि त्यांना आधी पोटभर जेवू घाल.

पाकीट बंद करायचे राहिले होते म्हणून हे शेवटचे. तुझ्या भावोजींनी विचारले, एवढे काय लिहिलेस? मी म्हटले, हेंद्रात्मोला तोबाला बोलावून घे असे कळवले आहे, वर्षा-दोन वर्षांसाठी. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘साध्या टपालाने फार दिवस लागतील गं,’ आणि चपला घालून जलद टपालाची चौकशी करायला निघाले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून ऐकलेला सगळ्यात मोठा नकार तो हाच. पत्र लवकर पोचले तर त्याचे श्रेय त्यांना दे, पण तसे त्यांना कळवू नकोस. ओशाळतील.