काळजाचा कागद

मंगळवार, दिवेलागण

सूनबाई, मी सांगते तसंच लिही गो, नीटनेटकं करायला जाऊ नको.

आज महेशला रोह्याला डॉक्टरकडे नेला. काल छातीत दुखायला लागलं म्हणून लेक धाटावच्या कंपनीतून अर्धी शिफ्ट टाकून घरी आला. तू अंगणवाडीत कामावर, म्हणजे दोन्ही नातवंडं माझ्या पदराला. सिस्टर म्हणाली, "आजी, पोरांना कशाला आणलंत?" मी म्हटलं, "घरी ठेवली असती, तर घर राहिलं असतं काय?"

महेशच्या छातीला वायरी लावल्या. धाकटी चिऊ ओरडली, "बाबांना चार्जिंगला लावलं!" सगळे हसले, महेश हसला नाय.

मग मशीनमधून कागद निघाला, वर-खाली रेघांचा. चिऊ म्हणे, "हे कोण लिहितंय?" सिस्टर म्हणाली, "तुझ्या बाबांचं काळीज." आता बोला! मी अंगठेबहाद्दर, आणि माझ्या पोराचं काळीज न शिकता लिहितं? कागद मी हातात घेतला. उलटा धरलाय म्हणून पोरं खिदळली.

डॉक्टरांनी वाचला. "काळजी नको आजी, हृदय उत्तम आहे. हे पित्त." महेशने डोळे पुसले, मी बघितलं नाय असं दाखवलं.

पण तो कागद अजून डोळ्यांपुढून हलत नाय. हे काळीज माझ्याच पोटात सुरू झालं ना? कुठल्या दिवशी? गडब गावच्या खाचरात लावणी करताना शेजारणीशी भांडत असेन तेव्हा. आत एवढं मोठं काम सुरू झालं, आणि मला पत्ताच नाय!