भिंगरीची रात्रीची वेणी

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त मनातल्या मनात घातला आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? आम्ही बापलेक मजेत आहोत.

तुझी भावजय नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेली आहे, हे तुला ठाऊकच आहे. जाताना तिने तुझ्या भाचीच्या, म्हणजे आमच्या भिंगरीच्या, डोक्याकडे पाहून मला निर्वाणीचं बजावलं, की माझ्यामागे या केसांची निगा राखली गेली नाही तर आल्या आल्या बॉबकट. आता भिंगरीचे केस म्हणजे थेट तुझे (कुरळे, दाट आणि कुणाचं न ऐकणारे). मोकळे सोडून झोपलं की सकाळी अर्धे उशीवर आणि उरलेल्यांचा गुंता. म्हणून झोपण्याआधी वेणी घालायची, म्हणजे ते तुटत नाहीत आणि वाढलेले अंगी लागतात. पोरीला तुझ्यासारखी कमरेपर्यंत वेणी हवी आहे. कात्रीचं नाव काढलं की तिचं तोंड एवढंसं होतं आणि ते मला बघवत नाही. मी शब्द देऊन बसलो.

ताई, लिफ्टच्या वायरी ओढण्यात माझा जन्म गेला, तेव्हा तीन पेड म्हणजे हातचा मळ, असं मला वाटलं होतं. पहिल्याच रात्री अशी कचकून वेणी घातली, की पोरीच्या भुवया वर गेल्या आणि ती झोपेतसुद्धा चकित दिसत होती. (माझा समज असा, की ताण दिला की केस भराभर खाली येतात.) शेवटाला बांधायला काही सापडेना, तेव्हा सवयीने खिशात हात गेला आणि वायरीला लावतो ती काळी चिकटपट्टी गुंडाळून मी मोकळा झालो. सकाळी तेल चोळचोळून ती सोडवण्यात शाळा बुडाली. रडायचं सोडून पोरीनेच मला धीर दिला, यावरून माझी काय अवस्था झाली असेल ते ताड.

मग मी सराव धरला. सोफ्याच्या झालरीला आता सगळीकडे वेण्या आहेत (मीटर बघायला आलेला माणूस त्या पाहून बसलाच नाही). हात बसला, पण इतका बसला की आवरेना. तीनेक महिन्यांमागे एका इमारतीत लिफ्टची तपासणी होती. निरीक्षक बाईंनी पॅनेलचं दार उघडलं, तर आत वायरींची सुबक तीन पेडी वेणी आणि खाली गुलाबी रिबिनीचं फूल. भिंगरी घरभर शोधत होती, तीच रिबीन. आमच्या मालकांनी कपाळाला हात लावला. नोकरी गेली असं मी धरूनच चाललो होतो. बाईंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला (खाली तुझ्याहून कुरळे केस), वेणी चाचपली आणि घरी मुलगी आहे का, असं विचारलं. मी मान डोलावली.

"मुळाशी इतकं ओढू नका. ताणलेला केस वाढत नाही, तुटतो," त्या म्हणाल्या. "आणि ही वेणी आधी सोडा. मी चहा घेऊन येते, मग तपासणी करू."

तेव्हापासून मी हात सैल ठेवतो. केस किंचित ओले, बोटांना तेल, उशीला मऊ अस्तराचा अभ्रा (अस्तर तुझ्या भावजयीच्या कोटाचं आहे, तिला सांगू नकोस). वेणी चालू असताना भिंगरी दिवसभराचं सगळं सांगते, कुणाशी कट्टी झाली, कुणाचा दात पडला. तोंड माझ्याकडे नसतं म्हणून बहुधा जास्तच सांगते. काल तिला आरशाकडे पाठ करून उभं केलं, तर वेणी खांद्याखाली उतरलेली. बॉबकट टळला. आम्ही दोघं घरभर नाचलो, कंबर धरली ती तेव्हाच. मला फार आनंद झाला आहे ताई, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगणार.

भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुझी भावजय रविवारी येते आहे. फोनवर म्हणाली, आता तुम्ही सुटलात, वेणीचं मी बघते. मी बरं म्हणालो, पण तेव्हापासून घास गोड लागत नाही. तू तिला लिही, की वेणी घालणारा हात बदलला की केसांची वाढ खुंटते, असं आपल्या घरात मानतात. (मानत नाहीत, पण ती तुझं ऐकते.)

ता. क. आत्या, मी भिंगरी. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे. आईला काही लिहू नकोस. मी तिला आधीच सांगून ठेवलंय, सकाळची वेणी तुझी, रात्रीची बाबांची. ती हसली आणि हो म्हणाली. बाबांना मात्र रविवारपर्यंत सांगायचं नाही. काळजीत असले की ते वेणी हळूहळू, पुरवून पुरवून घालतात.