व्याह्यांची पांढरी भिंत

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (खरंच वाकलो, पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम, म्हणजे बाबा आणि माझे सासरे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

तू समेट घडवायला येणार असल्याचं समजलं. त्याआधी सगळी हकिकत तुझ्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे. लग्नानंतर बाबांनी व्याह्यांना पहिल्यांदाच घरी बोलावलं, आपल्या मळ्यातली रेड वाईन उघडली आणि ही सगळी एकाच उतारावरच्या द्राक्षांची आहे, यात बाहेरचा एक मणीही नाही, हे नेहमीचं भाषण केलं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेल्यात बर्फ टाकला आणि साखर मागितली. (साखर मागण्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. इथल्या गारठ्यात द्राक्षं धड पिकत नाहीत, आणि ती वाईन किती आंबट व्हायची हे तुला काय सांगायचं. तू तिने नळ घासतेस हे मी बाबांना अजून कळू दिलेलं नाही.) बाबा म्हणाले, रंगात पाणी मिसळून विकणाऱ्याला यातलं काय कळणार. सासऱ्यांचं रंगाचं दुकान असल्यामुळे ते त्यांना लागलं.

मग त्यांनी मळ्याच्या वरच्या बांधाला लागून, पण स्वतःच्या अंगणात, दोन पुरुष उंच भिंत घातली. हेतू एवढाच, की सकाळी चहा पिताना बाबांचं तोंड दिसू नये. शिवाय बाबांचे डोळे दिपावेत म्हणून आमच्या बाजूने तिला पांढराशुभ्र रंग दिला, दुकानातला सगळ्यात महागडा. तेव्हापासून बाबा रोज सकाळी मळ्यात उभे राहून भिंतीला शिव्या देतात आणि माझी बायको भिंतीला वळसा घालून माहेरी जाते.

आता मुख्य गोष्ट. भिंतीने वरून येणारं गार वारं अडवलं. तिच्यावर पडलेलं ऊन दिवसभर वेलींवर परत येऊ लागलं. मळा आधीच चिंचोळा, त्यामुळे खालच्या ओळींनाही ऊब मिळाली. आत्या, यंदा द्राक्षं पिकली. घोसातला शेवटचा मणीसुद्धा काळाभोर झाला. बाबांनी पिंपातली नवी वाईन चाखली आणि उलट्या क्रेटवर नुसते बसून राहिले. विचारलं तर डोळ्यात कचरा गेला म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांना हवी होती ती वाईन यंदा झाली होती, आणि मलाही रडू आलं.

मग त्यांनी मला बजावलं, की हे पलीकडे कळता कामा नये. आपल्या भिंतीमुळे इकडे भलं झालंय असा नुसता वास लागला तरी व्याही ती पाडतील, नाही तर काळी रंगवतील. म्हणून आता बाबा पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात शिव्या देतात. त्या मनापासून येत नाहीत, तेव्हा आधी माझ्यासमोर तालीम करतात. (परवा चुकून "वा" निघून गेलं. लगेच खोकले.)

तेव्हा प्रकृतीला जप. गुडघ्यांना एवढा प्रवास सोसायचा नाही.

तुझा भाचा

ता.क. थोडक्यात, समेट करू नकोस. यायचंच असेल तर ये, पण परत निघशील तेव्हा दोघे आतापेक्षा जरा जास्त चिडलेले असावेत. ते तुला सहज जमतं.

आणखी ता.क. पाकीट चिकटवायच्या आधी बाहेर गेलो तर सासरे शिडीवर. पावसाने मळलेली भिंत आमच्या बाजूने पुन्हा पांढरी करत होते. मी शिडी धरली. वर बघतच म्हणाले, "खालच्या ओळीपर्यंत ऊन पोचतंय का बघ. आणि एक बाटली आण. बाबांना सांगू नकोस. तो आभार मानायला आला तर मला ही भिंत पाडावी लागेल."

बाटली आणायला शेडमध्ये गेलो. बाबा खिडकीशी उभे होते, शिडीकडे बघत. मी काही बोलायच्या आतच त्यांनी पुसून ठेवलेली एक बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "त्याला सांग, चोरून आणली."